संध्याकाळ झाली की जाहिराती परत: घरभरच्या ब्लॉकरला गळती कुठं लागते

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "पाय-होल लावलं, दोन दिवस मस्त चाललं, आता पुन्हा पॉपअप यायला लागले." पाय-होल म्हणजे घरातल्या एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा, घरभरच्या उपकरणांवरच्या जाहिराती अडवणारा ब्लॉकर. तसाच दुसरा ॲडगार्ड होम, तो वापरणारेही हेच म्हणतात. मग माणूस काय करतो, तर आणखी तीन ब्लॉकलिस्ट, म्हणजे अडवायच्या डोमेनांच्या (साइटच्या नावांच्या) याद्या, घालतो. दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. मीही हा उद्योग केलाय. याद्या वाढवत वाढवत वीस लाख नोंदींपर्यंत नेल्या आणि जाहिराती होत्या तिथंच.

कारण बहुतेक वेळा खोट यादीत नसतेच. हा ब्लॉकर जाहिरात हाताने धरून अडवत नाही. तो घरचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, होऊन बसतो आणि जाहिरातीच्या नावाबद्दल विचारलं की फक्त खोटं उत्तर देतो. फोनमधलं ॲप विचारतं, डबलक्लिक डॉट नेटचा, म्हणजे गूगलच्या जाहिरात-डोमेनचा, पत्ता काय? पाय-होल सांगतो, ०.०.०.०. त्या पत्त्यावर कुणी राहत नाही, जाहिरात येत नाही, विषय संपला. पण फोनने हाच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला, तर त्याला खरा पत्ता मिळतो आणि पाय-होलला कानोकान खबर लागत नाही. म्हणून जाहिरात परत दिसली की यादीकडे धावू नका. या उपकरणाने आत्ता पत्ता कुणाला विचारला, एवढंच आधी शोधा.

आधी लॉग, मग बाकी सगळं

एका हातात फोन, समोर कॉम्प्युटरवर पाय-होलचा क्वेरी लॉग, म्हणजे कुणी काय विचारलं याची नोंदवही. लॉग त्या फोनच्या आयपीपुरता (नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्यापुरता) गाळून घ्या. आता फोनवर जाहिराती दिसणारं पान रिफ्रेश करा आणि लॉगकडे बघत राहा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बातम्यांचं पान दोनदा रिफ्रेश केलं. वरच्या पट्टीत जाहिरात, मध्ये जाहिरात, खालून सरकत वर आलेली आणखी एक. लॉगमध्ये मात्र फोनच्या नावाची शेवटची ओळ पाऊण तास जुनी. म्हणजे फोन पाऊण तास इंटरनेट वापरत होता आणि त्याने पाय-होलला एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. इथं यादी वीस लाखांची असो की दोन कोटींची, काय फरक पडणार?

लॉगमध्ये ओळी येतायत, पण जाहिरातीचं डोमेन हिरव्या रंगात सुटलेलं दिसतंय, तरच यादीत ते नाही असं म्हणा. ओळ लाल आहे, अडवल्याची नोंद आहे आणि तरीही जाहिरात दिसतेय, तर ती कॅशमधून (आधी साठवलेल्या प्रतीतून) आली असेल किंवा तुम्ही बघताय त्या साइटच्याच डोमेनवरून. त्याकडे पुढे येतो.

कॉम्प्युटरवर एनएसलुकअपने (नावाचा पत्ता विचारणाऱ्या कमांडने) एखाद्या जाहिरात-डोमेनचा पत्ता दोनदा विचारून बघा. एकदा नुसतं, एकदा पाय-होलचा पत्ता सोबत देऊन. दुसऱ्या वेळी ०.०.०.० आलं आणि पहिल्या वेळी खराखुरा पत्ता आला, तर पाय-होल ठणठणीत आहे, रस्ता चुकलाय. उत्तराच्या वर 'सर्व्हर' म्हणून जी ओळ येते ती लोक वाचतच नाहीत. खरं उत्तर त्या ओळीत असतं.

आमच्याकडची संध्याकाळ

आमच्याकडे जाहिराती संध्याकाळीच यायच्या. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, सात वाजले की सुरू. ट्रॅफिक वाढल्यामुळे पाय-होल चालवणारा बिचारा छोटा बोर्ड दमत असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तो दमत वगैरे नव्हता. प्रोसेसर तेव्हाही पाच टक्क्यांवर.

मी राउटरमध्ये पाय-होलचा पत्ता चुकीच्या रकान्यात टाकला होता. राउटरमध्ये डीएनएस दोन ठिकाणी असतो. एक इंटरनेटच्या बाजूचा, म्हणजे राउटरने स्वतः कुणाला विचारायचं. दुसरा घराच्या बाजूचा, डीएचसीपीच्या (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर, म्हणजे घरातल्या उपकरणांना कुणाचा पत्ता द्यायचा. मी पहिला भरला होता. त्यामुळे सगळी उपकरणं राउटरला विचारायची आणि राउटर सगळ्यांच्या वतीने पाय-होलला. लॉगमध्ये क्लायंट, म्हणजे विचारणारा, एकच, राउटर. ही खूण लक्षात ठेवा: घरात बारा उपकरणं आणि लॉगमध्ये एकच नाव, तर पत्ता चुकीच्या रकान्यात आहे.

आता पाय-होलमध्ये एक मर्यादा मुळातच घातलेली असते. एका क्लायंटने ६० सेकंदांत १००० पेक्षा जास्त प्रश्न विचारले तर पुढच्या प्रश्नांना तो थेट नकार देतो. एका फोनला हा आकडा गाठणं अवघड. पण संध्याकाळी सगळे घरी, सगळ्यांचे फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि त्या सगळ्यांचे प्रश्न एकट्या राउटरच्या नावावर. हजाराचा आकडा पार व्हायचा, पाय-होल नकार द्यायचा, आणि राउटर शहाण्यासारखा दुसऱ्या रकान्यातल्या सर्व्हरकडे वळायचा. तिथं मी 'असू दे, अडीअडचणीला' म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस टाकून ठेवला होता.

एकात एक अशा दोन चुका. मर्यादा वाढवून हे झाकता आलं असतं. मी पत्ता डीएचसीपीच्या पानावर हलवला, आणि संध्याकाळ शांत झाली.

तो दुसरा रकाना

सगळ्यात जास्त गळती इथंच लागते, म्हणून जरा थांबतो. 'पर्यायी डीएनएस' हे नाव ऐकून वाटतं की पहिला बंद पडला तरच दुसरा. तसं बंधन कुठंच नाही. काही उपकरणं दोघांना आलटून पालटून विचारतात, काही जो आधी उत्तर देईल त्याला धरतात. लिनक्सवर हे विचारण्याचं काम करणारा सिस्टमडी-रिझॉल्व्ड तर एकदा दुसऱ्याकडे वळला की तो दुसरा बिघडेपर्यंत पहिल्याकडे परत येत नाही. पाय-होल महिन्यातून एकदा पाच मिनिटं अपडेटसाठी बंद केलात, तेवढं निमित्त पुरतं. 'कधी येतात, कधी येत नाहीत' ही तक्रार ऐकली की मी आधी हा रकाना विचारतो.

तिथं पाय-होलचाच पत्ता पुन्हा टाका, किंवा रिकामा ठेवा. रिकामा ठेवल्यावर काही राउटर आगाऊपणा करून स्वतःचा पत्ता तिथं घालतात. त्यामुळे फोनच्या वायफाय तपशिलात जाऊन खरोखर कोणते पत्ते मिळाले ते डोळ्यांनी बघा. राउटर ऐकतच नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा चालू करा. आधी नवा चालू आणि मग जुना बंद असं मात्र नको, दोन डीएचसीपी एका वेळी नांदत नाहीत. खरोखरच पर्यायी सर्व्हर हवा असेल तर दुसऱ्या यंत्रावर दुसरा पाय-होल बसवा. दुसरा सोय म्हणून हवा, पळवाट म्हणून नको.

राउटरमध्ये बदल केला आणि लगेच तपासलं, काही फरक नाही म्हणून पुन्हा बदललं, असं करू नका. उपकरणाकडे जुनी लीज, म्हणजे डीएचसीपीने ठरावीक मुदतीसाठी दिलेले पत्ते, असते आणि साधारणपणे ती अर्धी संपल्यावर ते नव्याने विचारतं. लीज २४ तासांची असेल तर १२ तास जुनाच पत्ता चालतो. वायफाय बंद-चालू करा किंवा एअरप्लेन मोड एकदा दाबून सोडा, आणि मग तपासा.

आयपीव्ही६ची मागची खिडकी

डीएचसीपी नीट, दुसरा रकाना रिकामा, तरीही अँड्रॉइड फोनवर जाहिराती. लॅपटॉपवर एनएसलुकअप केलं तर 'सर्व्हर'च्या ओळीत १९२ ने सुरू होणाऱ्या ओळखीच्या पत्त्याऐवजी एफई८० ने सुरू होणारं काहीतरी लांबलचक. सापडला चोर. राउटर आयपीव्ही६च्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब इंटरनेट पत्त्यांच्या, घोषणांमधून 'डीएनएस मीच' असं स्वतंत्रपणे सांगत फिरतोय. तुम्ही डीएचसीपीच्या पानावर कितीही टाळे लावा, ही खिडकी वेगळी. अँड्रॉइड तर आयपीव्ही६च्या डीएचसीपीतून पत्ते घेतच नाही, तो या घोषणाच ऐकतो.

राउटरमध्ये आयपीव्ही६साठी डीएनएसचा वेगळा रकाना असेल तर तिथं पाय-होलचा पत्ता द्या. पण कोणता, हे महत्त्वाचं. पाय-होलला इंटरनेट पुरवठादाराकडून मिळालेला सार्वजनिक आयपीव्ही६ पत्ता तिथं टाकलात की काही दिवसांनी पुन्हा रडगाणं, कारण बऱ्याच जोडण्यांवर राउटर रीस्टार्ट झाला की त्या पत्त्याचा पुढचा भाग बदलतो. 'दर वेळी वीज गेली की जाहिराती परत' यामागे अनेकदा हेच असतं. एफडीने सुरू होणारा, घरापुरता पत्ता द्या, तो बदलत नाही.

राउटर हा रकाना दाखवतच नसेल तर घराच्या बाजूचं आयपीव्ही६ बंद करणं हा एक उपाय. मला तो आवडत नाही, पण पुरवठादाराने कुलूप लावून दिलेल्या डब्यापुढे माझ्या आवडीला कोण विचारतो? दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या मागे स्वतःचा राउटर बसवणं.

फोन आणि ब्राउझर स्वतःच्या डोक्याने चालतात तेव्हा

डीएनएसचे साधे प्रश्न पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे ट्रॅफिकचं क्रमांकित दार) उघडे जातात, वाटेत कुणीही वाचू शकतं. म्हणून ते झाकून नेण्याच्या पद्धती आल्या: २०१६ मध्ये टीएलएस या कूटबद्ध जोडणीवरून, पोर्ट ८५३ वापरणारी, आणि २०१८ मध्ये एचटीटीपीएसवरून, म्हणजे वेबसाइटच्याच वाटेने, तिचं नाव डीओएच. हेतू चांगला आहे, आपल्या ब्लॉकरला मात्र त्या वळसा घालतात.

अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' आहे. इथं बरेच जण 'आपोआप' हा पर्याय दिसला की तो बंद करायला सांगतात. गरज नाही. 'आपोआप'मध्ये फोन नेटवर्कने दिलेल्या सर्व्हरलाच आधी झाकून विचारून बघतो, नाही जमलं तर त्यालाच उघड विचारतो. गडबड होते ती तिथं एखाद्या सेवेचं नाव स्वतः लिहिलेलं असलं की. मग घरचा डीएनएस काहीही असो, फोन त्या सेवेलाच विचारणार. माझ्या लॉगमध्ये पाऊण तास गप्प बसलेला फोन हाच. बाहेर असताना जाहिराती नकोत म्हणून मीच कधीतरी एक नाव लिहून ठेवलं होतं आणि साफ विसरलो होतो. त्या सेवेची यादी वेगळी, म्हणून काही जाहिराती अडायच्या, काही सुटायच्या, आणि मी दोष पाय-होलला देत बसलो होतो.

ब्राउझरचं वेगळं. एनएसलुकअप बरोबर उत्तर देतं आणि ब्राउझरमध्ये जाहिराती दिसतात, तर ब्राउझरचं स्वतःचं डीओएच चालू आहे असं समजा, कारण एनएसलुकअप ब्राउझरला विचारून काम करत नाही. क्रोममध्ये हे 'सुरक्षित डीएनएस' नावाने असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो पुरवठादार बदलत नाही, पण यादीतून कुणी एक निवडला असेल तर बदलतो. फायरफॉक्सने एक सोय ठेवलीय: युज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट या खास डोमेनला नेटवर्कने 'अस्तित्वात नाही' असं उत्तर दिलं तर तो आपणहून चालू केलेलं डीओएच बंद ठेवतो. पाय-होल हे उत्तर स्वतःच देतो. मात्र तुम्ही हाताने डीओएच चालू केलं असेल तर फायरफॉक्स तुमचंच ऐकतो, आणि ते योग्यच आहे.

आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले (ॲपलची ट्रॅफिक झाकून नेणारी सेवा) चालू असेल तर सफारीचा सगळा कारभार तिकडून जातो. त्यासाठीही मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम हे डोमेन अडवण्याची वाट खुद्द ॲपलने ठेवलीय, अडवलं की फोन रिले या नेटवर्कवर चालणार नाही असं सांगतो. व्हीपीएनबद्दल वेगळं काय सांगायचं, तो चालू असेल तोवर पाय-होल तुमच्या घरात असून नसल्यासारखा.

ब्लॉकरच आजारी असेल तर

त्याचा स्वतःचा आयपी बदलला तर सगळंच बंद पडायला हवं, पण दुसरा रकाना भरलेला असेल तर काहीच बंद पडत नाही, फक्त जाहिराती येतात. म्हणून राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा. लेखन सतत चालल्याने मेमरी कार्ड झिजतं, शक्य असेल तर एसएसडी लावा.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ४ पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की त्याची वेळ मागे राहते. डीएनएसएसईसीची, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, तपासणी चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळे सह्या अवैध ठरतात आणि उत्तरंच मिळत नाहीत. वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हरचा पत्ता हवा, आणि तो पत्ता विचारायचा तर डीएनएस हवा. अडलाय गाडा. टाइम सर्व्हर नावाऐवजी थेट आयपी देऊन लिहिला की सुटतो.

जे त्याचं कामच नाही

यूट्यूबची जाहिरात व्हिडिओ येतो त्याच डोमेनांवरून येते. डीएनएसला फक्त नाव दिसतं, त्यामागचं पान दिसत नाही, तेव्हा जाहिरात अडवायची तर व्हिडिओही अडेल. यावर चालणारी यादी कुणी दिली तर घेऊ नका. तिथं ब्राउझरमधला ब्लॉकरच हवा. ट्रॅकरवाल्यांनी साइटच्याच नावाचा मुखवटा घालायची युक्ती काढली, सबडोमेन साइटचं आणि सीनेमने (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणाऱ्या नोंदीने) बोट दाखवलेलं ट्रॅकरकडे. पाय-होल २०२० च्या आवृत्ती ५ पासून ती साखळी शेवटपर्यंत तपासतो. त्याहून जुनं काही चालवत असाल तर अपडेट करा.

आणि कोपऱ्यात सरकत येणारे 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस' छाप पॉपअप? ते बहुतेक पॉपअप नसतातच. कुठल्यातरी साइटवर कधीतरी 'परवानगी द्या' दाबलेलं असतं, आणि त्या सूचना ब्राउझर बनवणाऱ्याच्या सूचना-सेवेतून येतात. ती सेवा अडवाल तर कामाच्या सूचनाही जातील. ब्राउझरच्या साइट परवानग्यांमध्ये जाऊन अनोळखी नावं काढून टाका, दोन मिनिटांचं काम. ॲप उघडलेलं नसताना होम स्क्रीनवरच पूर्ण पडदा जाहिरात येत असेल तर तेवढ्यात अलीकडच्या ॲप्सचं बटण दाबा, ज्याचं चिन्ह दिसेल ते ॲप काढा.

जास्त अडवलं की पुन्हा गळती

हे लक्षात यायला मला सर्वात जास्त वेळ लागला. वीस लाखांच्या यादीच्या दिवसांत भावाच्या फोनवर जाहिराती होत्या आणि लॉगमध्ये त्याचा फोन दुपारनंतर गायबच. सेटिंग सगळी बरोबर. विचारलं तर म्हणाला, "वायफायवर ईमेलमधल्या लिंक उघडतच नाहीत, मी मोबाइल डेटावरच असतो." ईमेलमधल्या लिंक आधी क्लिक मोजणाऱ्या डोमेनवरून जातात, ते माझ्या यादीत होतं. घरातली माणसं तक्रार करत नाहीत, वाट काढतात.

मग मी सगळ्या याद्या काढून पाय-होलसोबत येणारी स्टीव्हन ब्लॅकची मूळ यादी तेवढी ठेवली, वर एक मध्यम आकाराची घातली, आणि पाच मिनिटांसाठी ब्लॉकर थांबवण्याचं बटण सगळ्यांना दाखवून दिलं. 'कायमचं बंद' हे बटणही शेजारीच असतं, ते एकदा दाबलं गेलं होतं. जाहिराती परत आल्या की आता मी डॅशबोर्डवरची स्थिती सगळ्यात आधी बघतो.

टीव्ही

टीव्ही शेवटी ठेवला, कारण तिथं मी हरलो. काही टीव्ही आणि स्टिक डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याला विचारतच नाहीत, ८.८.८.८ आतच लिहिलेलं असतं. राउटरला फायरवॉलचे नियम घालता येत असतील तर घरातून बाहेर जाणारं पोर्ट ५३ पाय-होलकडे वळवा. खुद्द पाय-होलला त्यातून वगळा, नाहीतर तो स्वतःलाच विचारत फिरेल. ८५३ सरळ बंद करा. माझ्या टीव्हीचे प्रश्न यानंतर लॉगमध्ये दिसायला लागले, तीन आठवडे मुखपृष्ठावरच्या जाहिराती गेल्या.

मग टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, मुखपृष्ठ पुन्हा भरलं आणि लॉग पुन्हा रिकामा. आता तो प्रश्न पोर्ट ४४३ वरून, नेहमीच्या वेब ट्रॅफिकमध्ये मिसळून नेत असावा, आणि ते पोर्ट बंद केलं तर इंटरनेटच बंद. डीओएच सर्व्हरच्या आयपींच्या याद्या राउटरमध्ये घालून बघितल्या. आठवडाभर टिकल्या. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायचा पासवर्ड काढून टाकला आणि मागे एचडीएमआयला जुना लॅपटॉप जोडला. त्याचे प्रश्न लॉगमध्ये दिसतात.